डोळ्याचा कागद किडनीच्या फाईलला लावा

मधुमेह : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत कोणी डोळ्यांबद्दल विचारलं आहे, कोणी किडनीबद्दल. आम्ही ती मुद्दाम एकत्र घेतली आहेत. घराघरांत या दोन आजारांच्या पिशव्या वेगळ्या असतात, डॉक्टर वेगळे असतात आणि एकाचा कागद दुसऱ्याला दाखवलाच जात नाही. बहुतेक घोळ तिथेच होतो.

वडिलांचं वय 61, चौदा वर्षांपासून शुगर आहे. नजर चांगली आहे, रोज पेपर वाचतात. शिबिरात डोळ्यात औषध टाकून बघितलं तर पडद्यावर रक्ताचे ठिपके निघाले. डॉक्टरांनी ना चष्मा दिला ना थेंब, उलट लघवीची अन् किडनीची तपासणी करून या म्हणाले. दुखणं डोळ्याचं अन् तपासणी लघवीची, हे काही कळलं नाही. (परळी वैजनाथ)

डॉक्टरांनी बरोबर तेच सांगितलं. डोळ्याचा पडदा आणि किडनीतली गाळणी, दोन्हींचं काम केसाहून बारीक रक्तवाहिन्यांवर चालतं. एकेका किडनीत अशा सुमारे 10 लाख गाळण्या असतात. दिवसभरात त्या मिळून 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात, आणि त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जाऊन बाकीचा सगळा परत रक्तात येतो. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की या वाहिन्यांचं अस्तर जाड होतं. जाड म्हणजे मजबूत, असं मात्र इथे होत नाही, ते पाझरायला लागतं. पडद्यात वाहिनीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी आधी मरतात, मग भिंतीला बारीक फुगे येतात आणि त्यांतून रक्त झिरपतं. शिबिरात दिसले ते हे ठिपके. किडनीत तशीच गाळणीची वीण सैल होते. वस्त्रगाळ करायचं फडकं झिजलं की पिठाबरोबर कोंडाही खाली उतरतो, तसं रक्तात राहायला हवं ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत उतरतं.

फरक एवढाच की पडदा दिसतो आणि गाळणी दिसत नाही. चिरफाड न करता शरीरातल्या बारीक वाहिन्या थेट बघता येतात, ती जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. 1851 साली हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत बघायचं उपकरण आणलं तेव्हापासून ही खिडकी उघडी आहे. मधुमेहाने किडनीच्या गाळणीत होणाऱ्या गाठी किमेलस्टील आणि विल्सन यांनी 1936 साली वर्णन केल्या, त्याही मृत्यूनंतरच्या तपासणीत. म्हणून पडद्यावर ठिपके दिसले की जाणता डॉक्टर लघवी तपासायला सांगतो. ठिपके म्हणजे किडनी गेली असा याचा अर्थ नाही. वाहिन्यांवर मार बसायला लागलाय, आता दुसऱ्या खोलीत डोकावून बघा, एवढाच.

आत्ता तीन गोष्टी करा: लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, ज्याला लॅबवाले एसीआर म्हणतात, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, आणि नीट बसून, पाच मिनिटं शांत राहून मोजलेला रक्तदाब. डोळ्यांना औषध का दिलं नाही? सुरुवातीच्या ठिपक्यांवर लेसर किंवा इंजेक्शन लागत नाही. तिथे साखर आणि रक्तदाब हेच औषध. आणि नजर चांगली आहे यावर विसंबू नका. पडद्याच्या मध्यभागी सूज येईपर्यंत किंवा आत रक्त सांडेपर्यंत माणूस पेपर वाचतच असतो.

आई 68 वर्षांची, अंगाने बारीक. क्रिएटिनिन 1.2 आलं. कागदावर 1.3 पर्यंत नॉर्मल छापलेलं आहे. तरी फिजिशियन म्हणतात किडनी अर्धी झाली. खरं कोणाचं? (उदगीर)

फिजिशियनचं. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं. ज्याचे स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन जास्त, आणि बारीक म्हातारीचं मुळातच कमी. त्यामुळे नुसता आकडा बघून काही ठरत नाही. ईजीएफआर काढायच्या, सध्या वापरात असलेल्या 2021 च्या सूत्रात वय आणि स्त्री-पुरुष हेही धरतात, त्यात घालून बघा. 30 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.2 असेल तर ईजीएफआर साधारण 83 येतो. तेच 1.2 तुमच्या आईचं असेल तर 49. आकडा एकच, पण एकाची किडनी जवळपास ठीक आणि दुसरीची निम्म्यावर. ईजीएफआर 60 च्या खाली सलग तीन महिने राहिला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. एका कागदावर हा शिक्का मारायचा नसतो. उन्हातून, जुलाबातून उठल्यावरही आकडा तात्पुरता घसरतो. तीन महिन्यांनी पुन्हा करा.

दुसरा भाग लघवीचा, आणि खरं तर तो आधी बिघडतो. एसीआर 30 च्या आत ठीक, 30 ते 300 म्हणजे गाळणी पाझरतेय, 300 च्या वर म्हणजे बरीच पाझरतेय. एकक मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आहे ना, ते कागदावर बघा. साधी लघवी तपासणी करून "अल्ब्युमिन नाही" असा कागद मिळतो, त्यावर मधुमेह्याने समाधान मानू नये. सुरुवातीचा थोडा पाझर त्या तपासणीत लघवीत बुडवायच्या पट्टीला दिसत नाही.

नमुना द्यायची पद्धत चुकली तर आकडाही चुकतो. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्यायची. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी चालू असेल, आदल्या दिवशी शेतात अंगमेहनतीचं काम झालं असेल किंवा साखर फार चढलेली असेल तर त्या दिवशी नमुना देऊ नका; किडनी चांगली असूनही अल्ब्युमिन वाढलेलं दिसतं. एकदा वाढलेलं आलं तर तीन ते सहा महिन्यांत आणखी दोनदा करायचं आणि तीनपैकी दोन वाढलेले आले तरच खरं मानायचं.

हे सगळं वर्षातून एकदा, डोळ्याच्या तपासणीबरोबर. टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वर्षापासून, कारण कळायच्या आधी कित्येक वर्षं साखर वाढलेली असू शकते. टाइप 1 असेल तर पाच वर्षांनंतर. जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा कक्ष असतो. रक्तदाब-साखरेपासून सुरुवात तिथून करता येते.

लघवीत प्रथिनं जातात, एसीआर 900. पण डोळे दोनदा तपासले, पडदा एकदम स्वच्छ. मग किडनीचा त्रास शुगरमुळे नाही असं समजायचं का? (जिंतूर)

तुम्हाला मधुमेह कोणता आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे. टाइप 1 मध्ये किडनी बिघडलेली आणि पडदा साफ, असं क्वचितच असतं. तसं आढळलं तर डॉक्टर दुसरं कारण शोधतात. टाइप 2 मध्ये मात्र मधुमेहाने किडनी बिघडलेल्या बऱ्याच लोकांचा पडदा स्वच्छ असतो. म्हणजे पडदा खराब असेल तर किडनीवर संशय घट्ट होतो, विशेषतः पडद्यावर नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवलेल्या असतील तर. पण पडदा साफ आहे म्हणून किडनी सुटली, असं उलटं गणित चालत नाही. आमच्या मते या विषयात सगळ्यात जास्त चुकीचं समजलं जातं ते हेच.

तुमच्या बाबतीत नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, आणखी काही विचारतील: मधुमेहाला पाच वर्षंही झाली नाहीत का, लघवीत रक्तपेशी आहेत का, प्रथिनं महिन्या-दोन महिन्यांत अचानक वाढली का, ईजीएफआर भराभर उतरतोय का, सांधे किंवा त्वचेचा त्रास आहे का. यांतलं काही असेल तर किडनीचा तुकडा काढून तपासणी सांगतील. बायोप्सीच्या नावाने घाबरू नका, पण ती डोळ्याचा कागद बघितल्यावरच ठरवतात, म्हणून तो सोबत न्या.

भाऊ 46 चा, ऊसतोडीला जातो. डोळ्याला लेसर झालेलं आहे. यंदा शुगर आपोआप खाली यायला लागली. पूर्वी गोळी घेऊनही 250 असायची, आता त्याच गोळीवर 80-90 येते, मधे एकदा फडातच घाम फुटून पडला. तो म्हणतो शुगर बरी झाली, गोळी बंद करतो. (गेवराई)

बरी झालेली नाही. हे पत्र वाचून आम्हाला काळजी वाटली. शरीरातलं इन्सुलिन मोडून बाहेर टाकण्याचं बरंच काम किडनी करते. किडनी थकली की इन्सुलिन जास्त वेळ रक्तात राहतं, ग्लिबेनक्लामाइड-ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असरही लांबतो, भूकही मंदावते, आणि साखर न सांगता खाली येते. लेसर झालेला पडदा, खाली आलेली साखर, फडात घाम फुटणं, हे तिन्ही एकत्र असताना चार दिवसही थांबू नका. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, एसीआर करा आणि गोळी कोणती, किती, हे डॉक्टरला ठरवू द्या. साखर 70 च्या खाली आली किंवा घाम-थरथर सुटली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट अंगदुखीच्या गोळ्यांची. कोपीवर संध्याकाळी पाठ धरली की डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असलेली गोळी सर्रास घेतली जाते. दिवसभर घाम गाळून पाणी कमी पडलेल्या शरीरात ही गोळी किडनीतला रक्तपुरवठा कमी करते. त्यात रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि लघवी होण्याची गोळी चालू असेल तर तिन्ही मिळून किडनी एका आठवड्यात बसू शकते. दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही ठरावीक मात्रेत.

दसऱ्यानंतर निघायच्या आधी तपासण्या उरकायच्या आणि फाईल सोबत न्यायची. कारखान्याच्या गावी डॉक्टर नवा असतो. त्याला जुना ईजीएफआर आणि डोळ्याचा कागद दिसला तर तो गोळ्या जपून देईल.

माझी एचबीए1सी 11 वरून चार महिन्यांत 6.8 वर आणली. सगळे शाबासकी देत होते, अन् आता डोळ्याचे डॉक्टर म्हणतात पडदा आणखी बिघडला. मग फायदा काय झाला? (सिल्लोड)

फायदा झालाय, तो उशिरा दिसतो. एचबीए1सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी. बराच काळ चढलेली साखर झपाट्याने उतरवली की आधीच खराब असलेला पडदा पहिल्या वर्षात बिघडू शकतो, हे ठाऊक असलेलं आहे. 1993 साली निष्कर्ष जाहीर झालेल्या डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातल्या टाइप 1 मधुमेहाच्या मोठ्या चाचणीत सुरुवातीला असंच दिसलं. पण पुढे काटेकोर साखर ठेवणाऱ्यांमध्ये पडदा नव्याने बिघडण्याचं प्रमाण 76 टक्क्यांनी आणि लघवीत अल्ब्युमिन उतरायला लागण्याचं 39 टक्क्यांनी कमी निघालं. तेव्हा साखर परत वर नेऊ नका. डोळे दर दोन-तीन महिन्यांनी दाखवा, वेळेवर इंजेक्शन किंवा लेसर लागलं तर घ्या. खरं तर साखर उतरवायच्या आधी पडदा बघायला हवा होता. ज्यांची एचबीए1सी 10 च्या पुढे आहे त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

जाता जाता: किडनी बिघडलेल्यांची एचबीए1सी फसवी असू शकते. रक्त वाढवायची एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चालू असतील तर ती खोटी कमी येते, लोह कमी असेल तर खोटी जास्त. घरच्या मशीनवरचे आकडे सोबत ठेवा.

डोळ्यांच्या तपासणीसाठी हाताच्या शिरेतून पिवळं औषध देणार आहेत. क्रिएटिनिन 2.1 आहे. सीटी स्कॅनच्या औषधाने किडनी जाते असं ऐकलं होतं, हेही तसलंच का? (नांदेड)

तसलं नाही. हे फ्लुरेसीन. सीटीतल्या आयोडीनयुक्त औषधाशी त्याचा संबंध नाही आणि किडनीला त्याचा तसा धोका मानला जात नाही. ते लघवीवाटे जातं, म्हणून दिवस-दीड दिवस लघवी गर्द पिवळी-केशरी होते आणि कातडीही पिवळसर दिसते. कावीळ झाली म्हणून धावू नका. मळमळ होऊ शकते. पूर्वी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर ती आधी सांगा. बऱ्याच वेळा आता ओसीटीवर, म्हणजे प्रकाशाने काढलेल्या पडद्याच्या स्कॅनवर, काम भागतं, त्यात सुई लागत नाही.

पडद्याच्या सुजेवर डोळ्यात देतात त्या बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्ट इंजेक्शनचा थोडा अंश रक्तात जातो, काहींचा रक्तदाब वाढतो. इंजेक्शन नाकारण्याइतकं हे कारण नाही. त्या आठवड्यात रक्तदाब मोजा आणि किडनीच्या डॉक्टरला कळवा, एवढं पुरे.

दर दोन महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलतो. (लातूर)

साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं-आटतं. साखर महिना-दीड महिना स्थिर राहिल्याशिवाय नवा चष्मा करू नका. आणि चष्म्याच्या दुकानातली तपासणी म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. मोतीबिंदू काढलेल्यांनाही हेच सांगणं: भिंग बदललं, पडदा जुनाच आहे. बाहुली मोठी करणारे थेंब टाकूनच तो तपासून घ्या. थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, तेव्हा मोटारसायकलवर एकटे जाऊ नका.

किडनीचा थोडा त्रास निघालाय, ईजीएफआर 52, एसीआर 180. भाकरी चालेल का? कोणी म्हणतं डाळ बंद, कोणी म्हणतं दिवसाला पाच लिटर पाणी प्या, कोणी लो सॉल्ट मीठ आणून दिलं. (परांडा)

भाकरी चालेल, पण ज्वारी म्हणजे साखर नाही, असं समजू नका. 50-60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 40 ग्रॅमच्या आसपास पिष्ट पदार्थ असतात, गव्हाच्या पोळीतही फार वेगळे नसतात. भाकरी मोजून, सोबत भाजी भरपूर.

डाळ बंद करू नका. तुमच्या टप्प्यावर वजनाच्या दर किलोला 0.8 ग्रॅम प्रथिन, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 48 ग्रॅम. भाकरी, वरण, दही, मूठभर शेंगदाणे यांत ते बसतं. टाळायची ती प्रोटीन पावडर.

कमी करायचं ते मीठ. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात स्वयंपाकातलं, ताटातलं, लोणच्यातलं सगळं आलं. आपल्याकडे भाजीपेक्षा ठेचा, लोणचं, पापड, खारवड्या, फरसाण यांतून जास्त जातं. ठेचा सोडवत नसेल तर मीठ न घालता लिंबू पिळून करा. आठवडाभर बेचव लागेल, मग जीभ वळते.

ते लो सॉल्ट परत द्या. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनी कमी असताना, विशेषतः टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना, रक्तात पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

पाणी तहानेप्रमाणे, लघवी फिकट पिवळी राहील एवढं. पाच लिटरने गाळणी धुऊन निघत नाही. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे असताना अर्थातच जास्त लागेल. उलट्या-जुलाब झाले, खाणं-पिणं सुटलं, तर साखरेच्या मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी त्या दिवसांपुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. एरवी एसीआर 180 असताना टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल यांपैकी एक आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी, ही किडनी वाचवणारी औषधं आहेत. ती तुम्हाला चालू नसतील तर का नाहीत ते विचारा. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढणं अपेक्षित असतं, तेवढ्यावरून गोळी फेकू नका. रक्तदाब 130/80 च्या आत हवा. तो डोळ्यालाही तितकाच लागू.

बहिणीला लहानपणापासून शुगर, इन्सुलिनवर आहे. आता दिवस राहिलेत. (कळमनुरी)

पडदा याच आठवड्यात दाखवा, मग दर तिमाहीत. गरोदरपणात तो भराभर बिघडू शकतो. एसीआर आणि क्रिएटिनिनही आत्ताच करा. रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांशी बोलून बदलून घ्या, ती बाळाला घातक आहे.

वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्याला दोनदा. आता डाव्या डोळ्याला धूसर दिसतं. नातेवाईक म्हणतात, किडनीच गेली, आता डोळ्यावर कशाला खर्च. (हिंगोली)

डायलिसिसवर माणूस अनेक वर्षं जगतो, आणि ती वर्षं त्याला स्वतःच्या हाताने जेवता, स्वतःच्या पायाने मशीनपर्यंत जाता यायला हवं. खर्चाचं म्हणाल तर प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय होते आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करा. तिथे वाचलेला पैसा डोळ्यासाठी ठेवा.

धूसरपणा अंगात साचलेल्या पाण्यामुळेही असू शकतो. पाणी वाढलं की पडद्याच्या मध्यभागाची सूज वाढते, पाणी काढलं की काही जणांत ती उतरते. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरला शेवटचं डायलिसिस कोणत्या तारखेला झालं आणि त्या वेळी किती वजन उतरवलं, ते लिहून द्या. ओसीटीचा अर्थ त्यावर ठरतो. दोन डायलिसिसमध्ये वजन किती वाढतं ते घरच्या काट्यावर रोज सकाळी बघा. हिमोग्लोबिन कमी असेल तर पडद्याला प्राणवायू आणखी कमी पोचतो, तेही विचारा.

डोळ्यासमोर अचानक काळे धागे किंवा माश्या नाचायला लागल्या, पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर डोळ्यात रक्त सांडलेलं असू शकतं. त्याच दिवशी दाखवा, आणि पुढच्या डायलिसिसला बसण्याआधी तंत्रज्ञाला हे सांगा. नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्याची मात्रा कमी करायची की टाळायची हे डॉक्टर ठरवतील. डोळ्याच्या भीतीने डायलिसिसची पाळी मात्र चुकवू नका.